अस्सल कागद ऑनलाइन शोधायचे कसे

परवा एका पोराने विचारलं, टायटॅनिकवर प्रोजेक्ट करतोय, सरांनी प्रायमरी सोर्स पाहिजेतच म्हणून सांगितलंय, आणि गुगलवर टायटॅनिक प्रायमरी सोर्स असं टाकलं तर नुसते लेख आणि व्हिडिओ येतायत. येणारच ना बाबा. १९१२ साली वाचलेला माणूस चौकशीत जबाब देत होता तेव्हा लिहून घेणाऱ्याने वर प्रायमरी सोर्स असं शीर्षक थोडंच टाकलं होतं. त्याने टाकलं साक्षीदाराचं नाव, तारीख आणि प्रश्न, बस. आपण आजच्या शब्दांत विचारतो, कागद त्याच्या काळातल्या शब्दांत बोलतो, आणि दोघांची गाठच पडत नाही. मग आपण म्हणतो, ऑनलाइन काही नाहीये.

त्याला जे समजावून सांगितलं तेच जरा सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरण टायटॅनिकचंच ठेवतो, कारण त्याचे भरपूर कागद फुकटात बघता येतात.

आधी व्याख्या पटकन मिटवून टाकू. प्रायमरी सोर्स म्हणजे अस्सल साधन किंवा समकालीन साधन, घटनेच्या वेळी किंवा त्यात असलेल्या माणसाने तयार केलेलं काहीही, म्हणजे पत्र, डायरी, जबाब, हिशेबाची वही, पेपरातली बातमी, जाहिरात, नकाशा, फोटो, जनगणनेचं पान. तीच वस्तू एका प्रश्नाला अस्सल आणि दुसऱ्याला दुय्यम असते. १९२० सालचं शाळेचं इतिहासाचं पुस्तक घ्या, फ्रेंच राज्यक्रांती समजून घ्यायला ते दुय्यम, पण १९२० मध्ये पोरांना राज्यक्रांती कशी शिकवत होते हे बघायचं असेल तर त्याच्याइतकं अस्सल काही नाही. म्हणून आधी प्रश्न नक्की करा. टायटॅनिक हा विषय झाला. बुडताना बोटीचे दोन तुकडे झाले का, हा प्रश्न झाला.

आता सर्च बॉक्सला हात न लावता एक कोरा कागद घ्या आणि लिहा की या घटनेमुळे कोणाकोणाला काही लिहावं लागलं असेल. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि जवळपास सगळे हेच टाळतात. टायटॅनिकचंच बघा. जहाज कंपनीने प्रवाशांच्या याद्या केल्या असणार. वायरलेसवाल्यांनी संदेश पाठवले आणि दुसऱ्या जहाजांनी ते नोंदवले असणार. सरकारने चौकशी बसवली असणार, तीही दोन देशांत, कारण बोट ब्रिटिश आणि वाचलेले लोक उतरले न्यूयॉर्कला. पेपरवाले तर होतेच. वाचलेल्यांनी घरी पत्रं लिहिली असणार. आणि जे गेले त्यांचं काय झालं? हा प्रश्न डोक्यात आला की वेगळीच वाट सापडते. मृतदेह शोधायला कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून मॅके-बेनेट नावाचं केबल टाकणारं जहाज पाठवलं होतं, त्यावरच्या लोकांनी सापडलेल्या प्रत्येक देहाला नंबर दिला आणि अंगावर कपडे काय, खिशात काय होतं ते लिहून काढलं. हॅलिफॅक्स म्हणजे नोव्हा स्कोशिया प्रांत, म्हणजे हे कागद त्या प्रांताच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनं दप्तर जपणाऱ्या संस्थेत, असायला हवेत, आणि खरंच नोव्हा स्कोशिया अर्काइव्ह्जकडे आहेत. नुसतं टायटॅनिक टाकून तुम्हाला तिथे पोचायला शंभर पानं खाली जावं लागलं असतं. कोणी लिहिलं, कुठल्या कचेरीत जमा झालं, आज त्या कचेरीचं दप्तर कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांवर चालत गेलात तर तीन पायऱ्यांत पोचता.

दुसरी वाट आळशी आहे पण फार पक्की. विषयावर कोणी तरी अभ्यासकाने लिहिलेलं एक बरं पुस्तक किंवा जर्नलमधला एक लेख घ्या आणि तो मागून वाचा. तळटीपा आणि संदर्भसूची. बऱ्याच पुस्तकांत हस्तलिखितं, सरकारी कागद, वर्तमानपत्रं अशी सूची वेगळी काढून दिलेली असते, म्हणजे त्या माणसाने चार-पाच वर्षं धूळ खाऊन जे शोधलं ते तुम्हाला दोन पानांत आयतं मिळतं. जेस्टोरसारख्या, जर्नलमधले लेख देणाऱ्या डेटाबेसचा मी मुख्यतः यासाठीच वापर करतो. आणि हो, एआयला विचारून संदर्भ घेणार असाल तर प्रत्येक संदर्भ कॅटलॉगमध्ये स्वतः सापडेपर्यंत तो नाहीच असं धरून चाला, छान दिसणारी खोटी तळटीप बनवायला त्याला एक सेकंद लागतो.

मग जागा. ढोबळमानाने दोन प्रकार. एक म्हणजे लायब्ररी ज्याचे पैसे भरते ते डेटाबेस, प्रोक्वेस्ट या कंपनीचे जुन्या वर्तमानपत्रांचे संच, गेल या कंपनीचे संच वगैरे. हे गुगलमधून दिसत नाहीत, लायब्ररीच्या वेबसाइटवरून आत जावं लागतं, बऱ्याचदा घरूनही लॉगिन चालतं आणि लोकांना ते माहीतच नसतं. कॉलेज संपलं असेल तर सार्वजनिक लायब्ररीच्या कार्डावर काय काय मिळतं ते एकदा विचारा, कधी कधी चकित व्हायला होतं. लायब्ररीच्या साइटवर डेटाबेसची यादी ए टू झेड अशी असते त्यात हरवायला होतं, त्यापेक्षा विषयवार गाइड असतं ते उघडा, त्यात प्रायमरी सोर्सचा वेगळा टॅब बहुतेक वेळा असतोच.

दुसरा प्रकार फुकटचा. इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट हे स्कॅन केलेल्या पुस्तकांचे मोठे संग्रह, अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि तिचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा जुन्या पेपरांचा संग्रह, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, युरोपभरच्या संग्रहांना एकत्र शोधणारं युरोपियाना, ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ चे खटले ओल्ड बेली ऑनलाइनवर आहेत, जवळपास दोन लाख, आणि साध्या माणसांचं बोलणं वाचायला यासारखी जागा मी तरी पाहिली नाही, चोरीला गेलेल्या रुमालावरून अख्खी गल्ली साक्ष द्यायला उभी राहते. विषय अलीकडचा असेल, म्हणजे एखाद्या सरकारी वेबसाइटवर दहा वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं वगैरे, तर वेबसाइटांची जुनी पानं जपून ठेवणारं वेबॅक मशीन.

यातलं प्रत्येक ठिकाण कुठे थांबतं ते आधी बघा. ट्रोव्हवरचे बहुतेक पेपर कॉपीराइटमुळे १९५४ पर्यंतच आहेत. हाथीट्रस्टवर एखादं पुस्तक अमेरिकेत पूर्ण उघडतं आणि बाहेरच्या देशातून बंद दिसतं, अशा वेळी तेच पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर शोधा, कधी कधी मिळून जातं. आणि प्रत्येक संग्रहात अबाउट किंवा कव्हरेज असं कंटाळवाणं पान असतं ते वाचा. तुमच्या पेपरचा नेमका एप्रिल महिनाच स्कॅन झालेला नसेल तर शून्य रिझल्ट येणार आणि तुम्ही म्हणणार पेपराने बातमीच दिली नाही.

आता लायब्ररीच्या कॅटलॉगमधली एक खुबी, जी मला फार उशिरा कळली. कॅटलॉग करणारे लोक प्रत्येक पुस्तकाला ठरावीक विषय-शीर्षकं लावतात, इंग्रजीत सब्जेक्ट हेडिंग म्हणतात, आणि त्या शीर्षकाच्या शेपटीला आणखी शब्द जोडतात. अस्सल साधनं असतील तर शेपटी असते सोर्सेस, डायरीज, कॉरस्पॉन्डन्स, पर्सनल नॅरेटिव्ह्ज, इंटरव्ह्यूज, पिक्टोरियल वर्क्स. म्हणजे पहिल्या महायुद्धात लढलेल्यांच्या आठवणी हव्या असतील तर महायुद्धाचं शीर्षक आणि पुढे पर्सनल नॅरेटिव्ह्ज. सब्जेक्ट फील्डमध्ये तुमचा विषय आणि या शेपट्यांपैकी एक टाकून बघा, हजार रिझल्टचे चाळीस होतात आणि त्यातले बरेचसे कामाचे.

आणि तारखेचा फिल्टर जपून वापरा, यात नव्याने शोधणारे सगळे अडकतात, मीही अडकलोय. समजा कोणी १८४० मध्ये डायरी लिहिली आणि ती छापली गेली १९६५ मध्ये. कॅटलॉगच्या हिशेबाने ते पुस्तक १९६५ चं. तुम्ही १८३५ ते १८४५ असा फिल्टर लावलात की तुम्हाला हवी असलेली नेमकी तीच डायरी गायब. कॅटलॉगमध्ये छपाईचं वर्ष असतं, वर्तमानपत्रांच्या डेटाबेसमध्ये अंकाची तारीख असते, आणि इंटरनेट अर्काइव्हवर तर अपलोड केल्याची तारीखही वेगळी असते. कुठला फिल्टर कुठली तारीख बघतोय ते आधी तपासायचं.

शब्दांचं सुरुवातीला बोललो ते आता जरा नीट. तुम्हाला दोन भाषा सांभाळायच्या आहेत. कॅटलॉगची भाषा आजची आणि ठरलेली, तर मजकुराची भाषा त्या काळची. १९१६ च्या पेपरात फर्स्ट वर्ल्ड वॉर शोधून काय मिळणार, दुसरं होणार आहे हे तेव्हा कोणाला माहीत होतं? तेव्हा ते ग्रेट वॉर किंवा युरोपियन वॉर. १९१८ च्या साथीला स्पॅनिश इन्फ्लुएंझा किंवा ग्रिप म्हणायचे. टीबीला कन्झम्प्शन. बायकांची नावं शोधताना तर हटकून लक्षात ठेवा, जुन्या इंग्रजी पेपरात लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं नाव बऱ्याचदा येतच नाही, मिसेस आणि पुढे नवऱ्याचं नाव. काही जुने शब्द आज शिवीसारखे वाटतात, पण शोधताना ते टाकावे लागतात, लिहिताना वापरायची गरज नाही. मी काय करतो, आधी कुठलाही एक समकालीन लेख मिळवतो आणि त्यात त्या गोष्टीला काय काय म्हटलंय ते वहीत उतरवून घेतो, मग त्या शब्दांनी दुसरी फेरी. पहिली फेरी शब्द गोळा करायला असते, त्यात फार काही सापडलं नाही तरी नाराज व्हायचं नाही.

परक्या भाषेतल्या घटनेला त्या भाषेतच शोधा. १९१० च्या जानेवारीत पॅरिसमध्ये सीन नदीला मोठा पूर आला होता, गॅलिकावर इंग्रजी शब्द टाकून बसलात तर हाती फार थोडं लागेल, फ्रेंचमधला पुराचा शब्द टाका की पेपरांचे ढीग. तो शब्द मिळवायचा कसा? विकिपीडियावर त्या घटनेचं पान उघडून भाषा बदला, शीर्षकातच शब्द मिळतो. भाषांतराचं ॲप नंतर मजकूर समजायला वापरा.

आणि मग ओसीआर, म्हणजे मशीनने स्कॅनवरून वाचलेली अक्षरं. तुम्ही शोधता तेव्हा पानात शोधत नसता, मशीनला जे वाचता आलं त्यात शोधत असता. जुने पेपर बहुतेक मायक्रोफिल्मवरून स्कॅन केलेले असतात, कुठे शाई पसरलेली, कुठे घडीवर ओळ मोडलेली. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत एस हे अक्षर लांब दांडीचं, एफसारखं दिसणारं असायचं, त्यामुळे मशीन बेस्टचं बेफ्ट वाचतं, अशा मजकुरात एसच्या जागी एफ टाकूनही एकदा शोधायचं, हसू येतं पण चालतं. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दोन तुकड्यांत जातो. हाताने लिहिलेल्या कागदांवर तर हे सहसा चालतच नाही, तिथे फक्त कॅटलॉग करणाऱ्याने दिलेलं वर्णन शोधता येतं, आतला मजकूर तुम्हालाच डोळ्यांनी वाचायचाय. ट्रोव्हवर मात्र मशीनने चुकीचं वाचलेलं वाचक स्वतः दुरुस्त करू शकतात, मी एकदा करायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

यावर उपाय साधे आहेत. नेमका वाक्प्रचार हवा तर अवतरणचिन्हात टाका, शब्दाचं शेपूट बदलत असेल तर मुळाला तारा (*) लावा, म्हणजे इमिग्रंट, इमिग्रेशन सगळं एकात येतं. दोन शब्द जवळजवळ हवेत असं सांगायची सोय पेपरांच्या बऱ्याच डेटाबेसमध्ये असते, ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये बघा, लांबलचक पानावर ही फार कामाची कारण एका पानावर पन्नास बातम्या असतात आणि तुमचा एक शब्द पहिल्या कॉलममध्ये, दुसरा साबणाच्या जाहिरातीत. नावाची तीन-चार स्पेलिंग करून बघा. आणि शेवटचा उपाय, जो लोक विसरलेत, शोधूच नका. तारीख माहीत आहे ना, मग त्या दिवसाचा अंक उघडा आणि पानं उलटा. घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडाभराचे अंक डोळ्यांखालून घातले तर जे मिळतं ते शंभर सर्चने मिळत नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे, बोटीचे दोन तुकडे झाले का. बोट बुडाली १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे. त्याच दिवशीचा न्यूयॉर्कचा इव्हनिंग सन पेपर म्हणतो, टायटॅनिकवरचे सगळे वाचले. सगळे! प्रत्यक्षात सुमारे १,५०० माणसं गेली होती. म्हणजे कागद त्याच दिवसाचा, अगदी अस्सल, आणि साफ चुकीचा. त्यातून बोटीचं काय झालं ते कळत नाही, पण त्या दुपारी न्यूयॉर्कमध्ये काय बातमी पसरली होती ते बरोबर कळतं. मग चौकशा. वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया ही बोट १८ एप्रिलच्या रात्री न्यूयॉर्कला लागली आणि १९ तारखेला अमेरिकन सिनेटची चौकशी सुरूसुद्धा झाली, अजून त्यांचे कपडेही बदलले नसतील. त्यानंतर लंडनला लॉर्ड मर्सी यांच्यापुढे ब्रिटिश चौकशी, तिच्यात २५ हजारांवर प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येक प्रश्नाला नंबर आहे. दोन्ही चौकशांचे जबाब टायटॅनिक इन्क्वायरी प्रोजेक्ट या साइटवर पूर्ण वाचता येतात.

तिथे ब्रेक या शब्दाने शोधलं तर थोडं मिळतं, कारण कोणी ब्रोक म्हणालं, कोणी पार्टेड, कोणी स्नॅप्ड, खलाशी खलाशाच्या भाषेत बोलतो आणि अधिकारी अधिकाऱ्याच्या. सगळे शब्द घेऊन गेलात की दिसतं की काही खलाशी आणि प्रवासी स्पष्ट सांगतायत, तुकडे झाले. आणि वाचलेल्यांतला सगळ्यात वरिष्ठ अधिकारी लाइटोलर सांगतोय, नाही झाले. मर्सीच्या अहवालात अधिकाऱ्याचंच खरं धरलं गेलं, बोट मोडली नाही असं लिहिलं. १९८५ मध्ये समुद्राच्या तळाशी अवशेष सापडले, दोन तुकड्यांत. त्या पोराला मी म्हटलं, नुसता अहवाल वाचून थांबला असतास तर काय लिहिलं असतंस सांग. अहवाल हा जबाबांवरून कोणी तरी काढलेला निष्कर्ष असतो, जबाब मिळत असतील तर जबाबच वाचायचे, आणि कोण बोलतोय, कुठे उभा होता, कंपनीत नोकरीला होता का तेही बघायचं.

फोटोंचं तर विचारूच नका. टायटॅनिकचे म्हणून फिरणारे कितीतरी फोटो, विशेषतः आतल्या जिन्याचे आणि दालनांचे, तिच्या जुळ्या बहिणीचे म्हणजे ऑलिंपिक या बोटीचे आहेत, ती १९११ पासून चालू होती आणि तिचे फोटो भरपूर निघाले होते. फोटो घ्यायचा तर तो ज्या संग्रहात आहे त्या संग्रहाच्या पानावर जा, नोंद वाचा, कोणी काढला, कधी, मागे काय लिहिलंय. नोंद नसलेला फोटो मी तरी वापरत नाही.

अर्काइव्हमधल्या न स्कॅन झालेल्या कागदांसाठी फाइंडिंग एड नावाची चीज असते. लायब्ररीत प्रत्येक पुस्तकाची वेगळी नोंद असते, पण अर्काइव्हमध्ये अख्ख्या माणसाचे किंवा संस्थेचे कागद एकत्र ठेवतात आणि त्या ढिगाची एक यादी करतात, पेटी १, फोल्डर १ ते १२, पत्रव्यवहार, अमुक साल ते तमुक साल. बहुतेक वेळा यादी फोल्डरपर्यंतच थांबते, एकेका पत्राचं नाव त्यात नसतं. म्हणून तिथे तुमच्या विषयाचं नाव शोधण्यापेक्षा माणसाचं नाव शोधा, आणि ज्याने पत्र लिहिलं त्याच्या कागदांत ते सहसा नसतं, ज्याला मिळालं त्याच्याकडे असतं, हे विसरू नका. अशा याद्या एकत्र शोधायला आर्काइव्हग्रिड आहे, छापील पुस्तकांसाठी वर्ल्डकॅट, ब्रिटनच्या कागदांना तिथल्या नॅशनल अर्काइव्ह्जचा डिस्कव्हरी कॅटलॉग.

तारखांचा एक खड्डा सांगून ठेवतो. ब्रिटनने कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, आणि त्याआधी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे पत्रावर फेब्रुवारी १७०० असेल तर आपल्या हिशेबाने ते १७०१ असू शकतं. रशियाची ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरने नोव्हेंबर १९१७ ची. उत्तर पत्राच्या आधी आलेलं दिसलं की समजा, कॅलेंडरची भानगड आहे.

सापडलं की लगेच जपून ठेवा. एकदा मी एका डेटाबेसमधून साठेक बातम्यांच्या लिंक ॲड्रेस बारमधून कॉपी करून फाइलमध्ये ठेवल्या, खुश होऊन झोपलो, दोन दिवसांनी उघडल्या तर सगळ्या मेलेल्या, सेशन संपलं म्हणे. त्या लिंक माझ्या लॉगिनपुरत्या होत्या. पानावर कुठे तरी परमालिंक, स्टेबल लिंक किंवा Cite (म्हणजे संदर्भ द्या) असं बटण असतं, तिथली लिंक घ्या. आणि लिंकवर भरवसा न ठेवता पेपरचं नाव, तारीख, पान, कॉलम, संग्रहाचं नाव, पेटी आणि फोल्डर असेल तर तो, आणि तुम्ही बघितल्याची तारीख हे हाताने लिहा. ब्रिटिश चौकशी असेल तर प्रश्नाचा नंबर. नुसतं कात्रण कापून ठेवू नका, अख्खं पान सेव्ह करा, बातमी पहिल्या पानावर वर होती की अकराव्या पानावर कोपऱ्यात, हीपण माहितीच आहे.

एवढं करूनही अडलात तर माणसाला विचारा. अर्काइव्हवाल्यांना ईमेल करायला लोक उगाच लाजतात, त्यांचं ते कामच आहे आणि बरेच जण मनापासून मदत करतात, फक्त टायटॅनिकबद्दल तुमच्याकडे काय आहे ते पाठवा असं लिहू नका. मी साधारण असं लिहितो: मी अमुक प्रश्नावर काम करतोय, तुमच्या कॅटलॉगमध्ये अमुक संग्रहाची पेटी ४, फोल्डर ७ अशी नोंद दिसली, त्यात १९१२ च्या एप्रिल ते जुलैमधली पत्रं आहेत का, असतील तर साधारण किती पानं आणि स्कॅनचा खर्च किती, मी अमुक आणि तमुक ठिकाणी आधीच शोधलंय. पाच ओळी. नोंद क्रमांक दिलेला असला की त्यांनाही बरं पडतं, आणि एक-दोनदा उत्तरात असं आलंय की त्या फोल्डरमध्ये नाही पण शेजारच्या पेटीत बघा, जिचं नावही माझ्या कुठल्या सर्चमध्ये आलं नव्हतं.